येरवडा, सिव्हिल आणि १४४१६ : आपल्या पोरांनी मनाचं दुखणं दाखवायचं कुठं?

मंडळी, आज जरा मोठं लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या बार्शीत कुणी जरा वेगळं वागलं, एकटं बसलं, रात्रभर जागलं की एक वाक्य ठरलेलं असतं, "ह्याला येरवड्याला न्या." कोकणातला माणूस हेच वाक्य रत्नागिरीचं नाव घेऊन म्हणतो, मुंबईकडचा ठाण्याचं आणि विदर्भातला नागपूरचं. चार चांगली नांदती गावं, पण मराठीत त्यांची नावं शिवीसारखी वापरली जातात. आणि शिवी देणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं की आपण महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य खात्याचा नकाशाच वाचून दाखवतोय.

कारण सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं बरोबर ह्याच चार गावांत आहेत. नागपूरचं १८६४ चं. रत्नागिरीचं १८८६ चं. ठाण्याचं १९०१ चं, शेठ नरोत्तमदास माधवदास ह्यांच्या नावाचं. येरवड्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, मुंबईतल्या कुलाब्याच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण हलवून उभं केलेलं. मंजूर खाटा बघा : येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. एकूण ५,६९५. ह्या आकड्यांकडं मी पुन्हा येणार नाही, पण एक ध्यानात ठेवा. शंभर वर्षं आपल्याकडं मनाच्या उपचाराचा हिशोब खाटांमध्ये झाला, म्हणजे किती माणसं आत ठेवता येतील ह्यात.

हे सगळं आत्ताच का काढलं, तर गेल्या महिन्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटायला आली होती. बातमी द्यायला आली असेल असं वाटलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "सर, चार महिने झोप नाही. वाचलेलं डोक्यात राहत नाही. कॉलेजात मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या योगा कर, मोबाईल कमी कर. इथं कुठं दाखवायचं असतं ते तुम्हाला माहीत असेल ना?" मी गावातल्या खासगी डॉक्टरांचं नाव घेतलं. ती म्हणाली, "तिथं नको. बाहेर स्कूटी लावली की संध्याकाळपर्यंत घरी कळतं." मग म्हणाली, "आणि भरती करून घेत नाहीत ना?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. बी.एस्सी. शिकणारी, मोबाईलवर जगभरचं वाचणारी मुलगी, आणि तिला वाटतंय की मनाच्या डॉक्टरकडं गेलं की आत ठेवून घेतात. ही भीती तिनं कुठून आणली? तिच्या आजीकडून, आजीनं तिच्या आईकडून. ती भीती अगदी बिनबुडाची आहे असं म्हणता येत नाही, कारण कायदाच तसा होता.

१८५७ च्या उठावानंतर दुसऱ्याच वर्षी, १८५८ मध्ये, इंग्रजांनी वेड्यांसंबंधीचे कायदे केले. मग आला १९१२ चा 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट'. त्यात माणसाला मनोरुग्णालयात दाखल करायची वाट कशी होती? नातेवाईकानं मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा. रस्त्यावर भटकताना सापडला तर पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. स्वतःहून दाखल व्हायची सोय कागदावर होती, पण गावाकडच्या माणसानं पाहिली ती पोलिसांची आणि कोर्टाची वाट. म्हणजे मन आजारी पडणं ही दवाखान्यातली गोष्ट नव्हती, फौजदारापुढची गोष्ट होती. वेड्यांची इस्पितळं बराच काळ तुरुंगांच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या अखत्यारीत होती. येरवड्यात तर जेल आणि मनोरुग्णालय दोन्ही. आजही आपल्याकडं 'येरवडा' म्हटल्यावर 'कुठलं?' असं विचारावं लागतं. दोन्हीकडं भिंती उंच, दोन्हीकडं गेलेला माणूस परत आल्यावर लोक जरा लांबून बोलणार.

१९२० च्या आसपास 'असायलम' हा शब्द काढून 'मेंटल हॉस्पिटल' म्हणायला सुरुवात झाली. पाटी बदलली. मराठीत मात्र 'वेड्यांचं हॉस्पिटल' हेच चाललं. (तसं आपल्या भाषेत 'वेड' गोडही आहे. वारीचं वेड, क्रिकेटचं वेड, नाटकाचं वेड. पण 'वेडा' झाला की तो कुणाचाच राहत नाही.)

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्या वेळी सगळ्या देशात मिळून मनोरुग्णालयांच्या खाटा होत्या दहा हजारांच्या आसपास. डॉक्टर तर बोटावर मोजण्याइतके. १९५४ साली बंगळुरूला तज्ज्ञ तयार करणारी अखिल भारतीय संस्था सुरू झाली, तीच आजची निमहान्स. आणि १९१२ चा तो इंग्रजी कायदा? तो चालूच राहिला. १९८७ मध्ये संसदेनं नवा कायदा केला, पण तो लागू झाला १ एप्रिल १९९३ ला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ४५ वर्षं आपण मनाच्या दुखण्यासाठी इंग्रजांचा कायदा वापरला. ज्यांचे आईवडील आज पन्नाशी-साठीत आहेत, त्यांची सगळी जवानी त्या कायद्याखाली गेली. तेव्हा घरात "मला सायकियाट्रिस्टला दाखवायचंय" असं पोरानं म्हटल्यावर बापाच्या तोंडाचा रंग का उडतो, हे जरा समजून घ्या.

आता दुसरी वाट. ही फार लोकांना माहीत नाही आणि खरं तर आपल्या पोरांच्या कामाची हीच आहे.

१९३३ मध्ये कलकत्त्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस ह्यांनी एका साध्या सर्वसाधारण रुग्णालयात मनाच्या आजाराची बाह्यरुग्ण सेवा सुरू केली. १९३८ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. मसानी ह्यांनी तशीच सुरुवात केली. म्हणजे जिथं खोकल्याचा रुग्ण येतो, हाड मोडलेला येतो, त्याच आवारात, त्याच केसपेपरवर मनाचं दुखणं दाखवायचं आणि औषध घेऊन घरी जायचं. भिंत नाही, मॅजिस्ट्रेट नाही, फौजदार नाही. पन्नासच्या दशकात नवी औषधं आली आणि घरी राहून बरं होणं शक्य व्हायला लागलं. मग एकेका मेडिकल कॉलेजात हा विभाग उघडत गेला. सोलापूरच्या सिव्हिलची मानसोपचार ओपीडी ही त्याच वाटेवरची आहे. येरवड्याशी तिचं काही नातं नाही. ती जे.जे.ची नात आहे.

पण बघा, ८५ वर्षांहून जास्त काळ झाला, तरी ह्या दुसऱ्या वाटेची एकही म्हण मराठीत झाली नाही. "ह्याला ओपीडीत दाखवा" असं कुणी कुणाला चिडवत नाही. चांगल्या गोष्टीची शिवी होत नाही, आणि आपल्याकडं जिची शिवी होत नाही तिचा पत्ताही लोकांच्या लक्षात राहत नाही.

१९८२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचा नमुना कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात तयार झाला होता : मनाचे आजार ओळखायला गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आणि कर्मचाऱ्यांना शिकवायचं, औषध तिथंच द्यायचं, फक्त अवघड रुग्ण जिल्ह्याला पाठवायचा. कल्पना साधी आणि आपल्यासारख्या तालुक्याला अगदी बरोबर.

ह्या दोन तारखांच्या मधे आपल्या भागात एक मोठी गोष्ट घडली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हलली. मी तेव्हा शाळेत होतो. बार्शीतही भांडी पडली होती, लोक रस्त्यावर आले होते, पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली. त्यानंतर पत्रे आले, धान्य आलं, घरं आली, हे सगळ्यांना आठवतं. मनोविकारतज्ज्ञही आले होते, हे फार थोड्यांना आठवतं. डॉ. मोहन आगाशे आपल्याला 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून माहीत, पण ते पेशानं मनोविकारतज्ज्ञ. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली ती त्यांच्या पुढाकारानं, आणि भूकंपग्रस्तांच्या मनावर काय परिणाम झाला ह्याच्या अभ्यासाचं कामही त्यांनी केलं. मराठवाड्याच्या खेड्यात डॉक्टर येऊन "झोप लागते का, भीती वाटते का" असं विचारतोय, ही गोष्टच नवी होती. माझ्या मते आपल्या भागात मनाचं दुखणं हे 'दुखणं' म्हणून पहिल्यांदा उघड्यावर बोललं गेलं ते तेव्हा. घर पडल्यावर रडायला परवानगी असते ना, तसं.

त्याच काळात सरकारच्या बाहेरही कामं उभी राहिली. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी मदत केली, आणि गंमत म्हणजे ते सुरू झालं येरवड्याच्याच मनोरुग्णालयाच्या आवारात. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी आयपीएच ही संस्था काढली. म्हणजे ज्या दोन गावांची नावं शिव्या झाली होती त्याच गावांतून लोकांनी मनाचा दवाखाना भिंतीबाहेर काढला. मला हे फार मोठं काम वाटतं. फक्त एक अडचण राहिली : हे सगळं पुणे-ठाणे पट्ट्यात. कुर्डुवाडीच्या अलीकडं ती गाडी फार कमी वेळा आली.

आता कॉलेजकडं वळू.

आपल्या कॉलेजांना 'समुपदेशन' हा शब्द नवीन नाही. पण त्याचा अर्थ बघा. चाळीस-पन्नासच्या दशकात मुंबईत व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रं निघाली : मुलाचा कल बघायचा, चाचण्या घ्यायच्या, कोणती लाईन घ्यावी ते सांगायचं. चांगलंच काम. पण आपल्या शिक्षणखात्यानं 'मार्गदर्शन आणि समुपदेशन' म्हणून जे उचललं ते मुख्यतः हेच. आज तर ह्याच्याही पुढं गेलंय. कुठल्याही बारावीच्या पोराला 'काऊन्सेलिंग' म्हणा, तो विचारेल, "कितवा राऊंड?" नीट आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेरीला काऊन्सेलिंग म्हणतात आपल्याकडं! मनासाठी वापरायचा शब्दच आपण सीट मिळवण्यासाठी खर्च करून टाकला.

सरकारच्या कागदावर कॉलेज आहे बरं का. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पुढं जी सुधारणा झाली, त्यात शाळांमध्ये जीवनकौशल्य शिक्षण, कॉलेजांमध्ये समुपदेशन आणि आत्महत्या प्रतिबंध ही कामं घातली गेली. वीस वर्षं गावात पत्रकारिता करतोय, कॉलेजांच्या स्नेहसंमेलनापासून पोलीस बंदोबस्तापर्यंत सगळं कव्हर केलंय. ह्या योजनेचं माणूस कॉलेजात बसलेलं मी पाहिलेलं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला, विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत तो होता. आपला तालुका जिल्ह्याच्या रेघेच्या ह्या बाजूला. तीच जमीन, तोच दुष्काळ, तीच सोयाबीन. शेतकऱ्याचा पोरगा बी.ए.ला, त्याच्या डोक्यावर बापाचं कर्ज आणि वर स्वतःचं पोस्ट निघत नाही ते.

आकडा एकच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. ह्यापुढं काही लिहीत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. हा कायदा आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. कलम १८ : सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क. जिल्ह्यात किमान सेवा मिळत नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि खर्च सरकारनं द्यायचा, असंही त्यात आहे. (हा पैसा मागायला गेलेला माणूस मला अजून भेटायचाय.) कलम २३ : डॉक्टरनं तुमची माहिती गुप्त ठेवायची. कलम २४ आम्हा पत्रकारांसाठी : उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही. कलम ११५ : आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात तर जुनं ३०९ कलम तसं राहिलंच नाही. ज्या दुखण्याचा रस्ता पूर्वी फौजदाराच्या दारातून जायचा, त्या दारातून ते शेवटी बाहेर आलं.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही ह्याच कायद्यात आहे. वय १८ पूर्ण असेल तर ओपीडीत दाखवायला आईवडिलांची सही लागत नाही. औषध, सल्ला, पुढची तारीख, सगळं स्वतःच्या नावावर. दाखल करून घेण्याचा विषय फार थोड्या रुग्णांबाबत येतो, आणि सज्ञान माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर तो स्वतःहून बाहेरही पडू शकतो. काही अगदी गंभीर परिस्थितीचे अपवाद आहेत, त्यांनाही कायद्यानं मुदत आणि देखरेख घातली आहे. अकरावी-बारावीच्या पोरांना, म्हणजे १८ च्या आतल्यांना, पालक लागतात. ही अडचण खरी आहे. ज्या घरात दुखण्याचं कारणच घर आहे तिथं काय करायचं, ह्याचं सोपं उत्तर कायद्यात नाही.

मग आला फोन. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं टेली-मानस सुरू केलं. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाशी जोडतात आणि जवळच्या सेवेचा पत्ताही देतात. त्याआधी २०१२ पासून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनसेवा चालू आहे. येरवड्याला जायला बार्शीहून सगळा दिवस जायचा आणि सगळ्या गावाला कळायचं. फोनला खोलीचं दार लावलं की झालं. अर्थात ज्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, तिथं दार कुठलं लावणार? अशी पोरं मला स्टेडियमच्या पायऱ्यांवर फोन लावून बसलेली दिसतात, आणि लोकांना वाटतं लफडं चाललंय.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. संस्थेनं मुलाला बाहेर कुठं, कसं पाठवायचं ह्याची पद्धत लिहून ठेवायची. टेली-मानसचा नंबर वर्गात, होस्टेलात, मोठ्या अक्षरात लावायचा. कोचिंग क्लासेसनाही हे लागू. मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही.

ह्यातलं 'बाहेर कसं पाठवायचं' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉलेजात बसणारा समुपदेशक ही चांगली गोष्ट आहे, पण तो औषध देऊ शकत नाही. ते काम एमबीबीएसनंतर मनोविकारात शिकलेल्या डॉक्टरचं, म्हणजे सायकियाट्रिस्टचं. बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ वेगळा. आणि दोन दिवसांचा कोर्स करून 'माइंड कोच' अशी पाटी लावणारा अजून वेगळा, त्याच्यापासून जपून. शिवाय मुलाला आपल्याच कॉलेजातल्या माणसाला सगळं सांगायचं नसतं. प्रॅक्टिकलचे मार्क त्याच मॅडमच्या मैत्रिणीच्या हातात असतात! बाहेरचा पत्ता हवाच.

पण खरी मेख पुढं आहे. आपली निम्मी पोरं कुठल्या संस्थेत आहेत? दहावी झाली की 'लातूर पॅटर्न'साठी लातूरला खोली. पदवी झाली की एमपीएससीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, नाहीतर इथंच अभ्यासिकेत. महिना ठरावीक पैसे द्यायचे, खुर्ची मिळते. सकाळी सहाला जायचं, रात्री अकराला यायचं, पाच-पाच वर्षं. तो कागदावर विद्यार्थी नाही. त्याला प्राचार्य नाही, समुपदेशक नाही, हजेरी नाही. आठ दिवस आला नाही तर खुर्ची दुसऱ्याला. २०२१ मध्ये पुण्यात एमपीएससी उत्तीर्ण होऊन पुढच्या टप्प्याची वाट बघणारा एक तरुण गेला, तेव्हा राज्यभर आंदोलनं झाली, विधिमंडळात गाजलं, पदांची भरती लवकर करू म्हणून आश्वासनं आली. भरती हवीच. पण त्या खोल्यांमध्ये बसलेल्या पोरांनी आजारी पडल्यावर जायचं कुठं, हे त्या गोंधळात कुणी विचारलं नाही.

तर आपल्यापुरतं सांगतो. बार्शीतल्या सरकारी दवाखान्यात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तिथं मानसिक आरोग्याचं पथक कुठल्या वारी येतं ते विचारा. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांना विचारा. विचारणारे वाढले की वार फळ्यावर येतो, हा माझा अनुभव आहे, लसीकरणाच्या वेळचा. गावात नको असेल तर सोलापूर. ७० किलोमीटर, मुलींना एसटीत अर्धं तिकीट. सिव्हिलचा केसपेपर काढायचा, मानसोपचार ओपीडी म्हणायचं. रांगेत शेजारी साखरेचा पेशंट असतो, कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, भूक, अभ्यास, घर, व्यसन आणि मनात येणारे विचार विचारतात. खरं सांगायचं. औषध दिलं तर दोन-तीन आठवडे कळ काढावी लागते आणि मनानं बंद करायचं नाही. आणि जीव द्यावासा वाटतोय असा विचार ज्याच्या डोक्यात आत्ता आहे, त्यानं ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. १४४१६ लावा, नाहीतर सरळ अपघात विभागात जा, सोबत कुणालातरी घ्या. आणि मित्रांनो, तुम्हाला तसं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका.

ती मुलगी सोलापूरला जाऊन आली. मैत्रिणीला घेऊन गेली होती. तिच्या परवानगीनं एवढंच लिहितो, जास्त नाही.

गेल्या आठवड्यात गावातल्या कॉलेजांतून फिरलो. नंबर लिहिलेला कागद एकाच ठिकाणी दिसला, स्कॉलरशिपच्या नोटिशीखाली अर्धा झाकलेला. प्राचार्य मंडळींना भेटून न्यायालयाच्या सूचनांची प्रत देणार आहे, त्याचं काय झालं ते इथं लिहीन. पण माझं पहिलं मागणं अभ्यासिका चालवणाऱ्या मालकांना आहे. गावात अभ्यासिका किती झाल्या ते तुम्हालाच ठाऊक, आणि त्यांना अजून कुणी सूचना पाठवलेली नाही. तुम्ही सगळ्यांनी भिंतीवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला आहे. त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात १४४१६ लिहा, आणि खाली सरकारी दवाखान्याचा वार.